दोन शेरे

१२ मे
परळ

श्रेया,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की एकच टिक येते, आणि याचा अर्थ तू मला ब्लॉक केलंयस हे आमच्या एका हाऊसमनने, नव्या निवासी डॉक्टरने, मला समजावून सांगितलं. सांगताना जमिनीकडे बघत होता बिचारा. ठीक आहे. परळहून नायगावला चालत यायला वीस मिनिटं लागतात आणि मी बाई स्पीड पोस्ट करतेय. तुमच्या ट्रान्झिट कॅम्पातल्या खोलीचा पत्ता ऑफिसच्या फाईलमधून काढला. स्वतः का येत नाही विचारशील, तर तुझ्या आईसमोर उभं राहून काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

केस सांगताना मुद्द्याचं आधी सांगायचं, असं मी तुम्हा पोरांना कानीकपाळी ओरडून शिकवलंय. तेव्हा मुद्दा. एप्रिलच्या चौकशीने तुझी टर्म नामंजूर केली आणि एम.डी.ची सीट रद्द करा अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे निकाल नव्हे. फेरविचार समिती अठरा जुलैला बसणार आहे. तिच्यासमोर जायचं तर अर्ज दहा जूनच्या आत पोचला पाहिजे. नाही पोचला तर सीट गेली, आणि पुन्हा बालरोगात यायचं दार बंद. फॉर्म सोबत आहे. विभागप्रमुखाची सही लागते, ती मी करून ठेवलीय. तुला फक्त तुझं नाव लिहायचंय. रुसून बसू नकोस, रुसायला आयुष्य पडलंय.

आठ मार्चचं मी तुला काय सांगणार? पण समितीपुढे मला बोलावं लागेल, म्हणून एकदा लिहून बघते.

मनवा, वय सहा, राहणार भोईवाडा. डेंग्यूचा पाचवा दिवस. सकाळी ताप उतरला म्हणून तिची आई राऊंडला मला पेढा द्यायला निघाली होती. मी तिला म्हटलं, अजून नको. तुम्हालाही म्हटलं, ताप उतरला की खरी काळजी सुरू, डोळे उघडे ठेवा. दुपारी दीडला पोरीचे हातपाय गार पडायला लागले. तू सलाईन वाढवलंस, बरोबर केलंस. रजिस्ट्रार दुसऱ्या वॉर्डात एका बाळाला नळी घालत होता, लेक्चरर परीक्षेच्या ड्युटीवर बाहेर. उरले मी. मी दोन मजले खाली केबिनमध्ये डबा खात होते. तुझा फोन तीन चाळीसला आला. मी धावत वर आले, आयसीयूत हलवलं, सगळं केलं. संध्याकाळी सव्वासातला मनवा गेली.

मध्ये दोन तास दहा मिनिटं गेली. चौकशीत मला विचारलं, तुम्ही उपलब्ध होता का? होते, म्हटलं. निवासी डॉक्टरने संपर्क साधला का? उशिरा साधला, म्हटलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. तू तिथे खाली मान घालून बसली होतीस आणि का फोन केला नाहीस असं विचारल्यावर म्हणालीस, "माझी चूक झाली, सर." एवढंच. मला तुझा राग आला होता तेव्हा. अगं, स्वतःची बाजू तरी मांडायची!

फॉर्म भर.

डॉ. राधा टिपणीस


२ जून
परळ

श्रेया,

अर्ज पोचला. तुझ्या आईने आणून दिला असं क्लार्क म्हणाला. पोच मागून घेतली, शिक्का नीट उमटला नाही म्हणून परत मारायला लावला. माझ्या केबिनवरूनच जावं लागतं तिकडे. दार उघडं होतं. मी मान वर केली तोवर त्या पुढे गेल्या होत्या. हाक मारता आली असती. मारली नाही.

अर्ज आला म्हणजे तुला सीट हवी आहे. एवढं मला पुरे आहे.

आता दुसरं. परवा वॉर्डात प्रिती सिस्टरना गाठलं. त्या आठ मार्चला ड्युटीवर होत्या आणि चौकशीत त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मी विचारलं, श्रेया गमरे त्या दोन तासांत काय करत होती? त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या, की हे तुम्ही आता विचारताय. म्हणाल्या, "मॅडम, ती पोरगी कॉटपासून हलली नाही. दोनदा मोबाईल हातात घेतला. मी म्हटलं, करा ना फोन, मॅडम खालीच आहेत. तर म्हणते कशी, अजून पंधरा मिनिटं बघते सिस्टर, मॅडमना वाटेल परत विचारायला आली."

परत विचारायला आली.

मी केबिनमध्ये येऊन बसले. चहा आला, गार झाला. मग जानेवारीची आठवण झाली. खोटं कशाला बोलू, आठवण आधीपासून होती. चौकशीच्या दिवशीही होती. पण चौकशीत तो कागद कुणी मागितला नाही आणि मी दिला नाही.

सहामाही मूल्यमापनाचा शेरा. इतर विभागांत तो फॉर्म क्लार्क भरतात, साहेब डोळे मिटून सह्या ठोकतात. मी तसं कधी केलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वी माझे सर समोर बसवून शेरा वाचून दाखवायचे, तेच मी पुढे चालवलं. स्वतःच्या हाताने, शाईने लिहायचं, मुलाला केबिनमध्ये बोलवायचं, मोठ्याने वाचायचं आणि खाली 'वाचून दाखवला' असं लिहून त्याची सही घ्यायची. नुसता कागद दिला तर पोरं फाईलमध्ये टाकतात, कानावर पडलं की लक्षात राहतं, असं मी दरवर्षी नव्या बॅचला ऐकवते. मोठी शिक्षिका ना मी!

तुझा शेरा मला पाठ आहे. 'कष्टाळू. परंतु वारंवार फोन करते. स्वतः निर्णय घेण्याची क्षमता वाढवणे आवश्यक.' मी वाचून दाखवला. वर आणखी म्हटलं, "श्रेया, उद्या तालुक्याच्या गावी एकटी असशील तेव्हा कुणाला फोन करणार आहेस?" तू सही केलीस. "थँक यू मॅडम" म्हणालीस आणि दार हळू ओढून घेतलंस.

त्यानंतर महिनाभर तुझा एकही फोन आला नाही. मला वाटलं, वा, पोरगी तयार झाली. मी लेक्चररला म्हटलंसुद्धा, बघ, बोललं की फरक पडतो.

तो शेरा मी समितीपुढे ठेवणार आहे. तुला फोन करायला मी घाबरवलं होतं, हे माझ्या तोंडाने सांगणार आहे. माझं काय होईल ते होवो. डिसेंबरला निवृत्त होतेय, माझं आता काय व्हायचं राहिलंय?

डॉ. राधा टिपणीस


२९ जून
गिरगाव

श्रेया,

घरून लिहितेय. जे लिहायचंय ते त्या केबिनमध्ये बसून लिहिता येईना.

तुझा शेरा काढायला कपाट उघडलं. तुमच्या बॅचचे सगळे एकाच पाकिटात होते. तुझ्या वरच अभयचा. अभय सोहोनी, तुझ्या बॅचचा, तुझ्याच युनिटचा, तुझ्या डब्यातली सुकट हक्काने खाणारा. सहज वाचला. मग खुर्ची ओढून बसले.

'अत्यंत काळजीपूर्वक काम करतो. वरिष्ठांच्या सतत संपर्कात असतो.'

तीच तारीख. तीच शाई. तुला पाठवल्यावर पंधरा मिनिटांत मी त्याला बोलावलं होतं, मला आठवतं, कारण मधल्या वेळात चहा मागवला होता.

म्हटलं, थांब राधा, उगाच ऊर बडवू नकोस. कदाचित त्याचे फोन कमी असतील, कामाचे असतील. वॉर्डातली कॉल बुकं मागवली. त्यात प्रत्येक फोन लिहिलेला असतो, कुणी केला, किती वाजता, कशासाठी. ऑगस्ट ते जानेवारी सगळी पानं बसून पाहिली. तुझे एकतीस फोन. अभयचे चौतीस. तू विचारलेलं एकही फालतू नव्हतं. त्याचे चार-पाच होते. एकदा तर त्याने पॅरासिटामोल किती द्यायचं म्हणून विचारलंय.

म्हणजे एकाच गोष्टीला त्याच्या कागदावर मी काळजी म्हटलं आणि तुझ्या कागदावर कमकुवतपणा.

आता मी तुला कारणं सांगू शकते. त्याचे वडील माझे बॅचमेट, त्याला मी बाळसं धरायच्या आधीपासून ओळखते. त्याचा फोन आला की मनात यायचं, पोरगा विचारतोय, छान. तुझा आला की मनात यायचं, हिला एवढंही येऊ नये? दोघांचा आवाज सारखाच घाबरलेला असायचा गं. मला तो एकाचाच ऐकू यायचा.

मी कधी कुणाची जात विचारली नाही, हे मी जन्मभर मिरवलं. समारंभांत, भाषणांत, नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी. विचारायची गरजच कधी पडली नाही, हे नाही सांगितलं कधी. ॲडमिशनची यादी येते तेव्हा नावापुढे कॅटेगरी छापलेली असते. ती मी चष्मा लावून वाचते, आणि मग वर्षभर म्हणते की मी बघत नाही. तुझ्यासारखी मुलं येतात तेव्हा मी आधीच ठरवलेलं असतं की यांना घडवावं लागेल. अभयसारखी येतात तेव्हा ती घडलेलीच आहेत असं मी धरून चालते. हे वाक्य लिहायला मला दोन तास लागले आणि तीन कागद फाडले.

तुझ्या एकट्या कागदाला काही अर्थ नाही. समिती म्हणेल, बाईंनी योग्य तेच लिहिलं. दोन्ही शेजारी ठेवले आणि कॉल बुकांच्या झेरॉक्स जोडल्या, तर आंधळ्यालाही दिसेल. तेव्हा ऐक. अठरा जुलैला मी दोन्ही कागद घेऊन येतेय. दोन्ही टेबलावर ठेवणार. त्यांनी विचारलं नाही तरी ठेवणार. हा माझा शब्द.

अकराला बोलावलंय. साडेदहाला ये. आईला घेऊन आलीस तरी चालेल, बाहेर बसायला बाकडी आहेत.

राधा टिपणीस


१९ जुलै
परळ

श्रेया,

काल तू बोलायला थांबली नाहीस. मी जिन्यापर्यंत आले होते तुझ्या मागे, पण माझे गुडघे तुला ठाऊक आहेत.

तू समोरच बसली होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायला नको. तरी माझ्या बाजूने सांगते. मी खोलीत शिरले तसा उन्मेष उठून उभा राहिला. समितीचा अध्यक्ष असा उठत नाही. पण तो माझा विद्यार्थी होता एकेकाळी, आणि विद्यार्थी म्हातारे झाले तरी उठतात. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात? लेखी पाठवलं असतं तरी चाललं असतं." मला तिथेच कसंसं झालं. भांडायला गेलं आणि समोरच्याने पाट मांडला, तसं.

मी तुझा शेरा ठेवला. मी सांगितलं की माझ्या या शेऱ्यामुळे ही मुलगी फोन करायला घाबरली. प्रिती सिस्टरांचं सांगितलं. उन्मेषने वाचला, विद्यापीठाच्या बाईंकडे सरकवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे हिच्या निर्णयक्षमतेबद्दल तुम्हाला जानेवारीतच शंका होती?" मी म्हटलं, शंका नव्हे, मला म्हणायचं होतं... आणि त्या लिहून घेत होत्या.

मग उन्मेषने विचारलं, आणखी काही?

दुसरा कागद पाकिटात होता. पाकीट मांडीवर होतं. मी विचार करून तो काढला नाही. तुला धक्का बसला असेल, पण माझं ऐकून घे. अभयचं नाव आलं असतं तर त्यालाही बोलावलं असतं. त्या पोराचा यात काय दोष? त्याने काही मागितलं नव्हतं माझ्याकडे. शिवाय मला त्यांचे चेहरे बघून वाटलं की एवढ्याने काम होईल. विभागप्रमुख स्वतः येऊन चूक कबूल करते, असं त्यांनी आजवर कधी पाहिलं नसेल. उन्मेषचा चेहरा पडला होता, तू पाहिलास ना? मला आशा आहे. निकाल पंधरा दिवसांत येईल म्हणाले.

तुझ्या आई बाहेर बाकावर होत्या. नवी निळी साडी होती. मी नमस्कार केला. त्यांनी उठून केला. मला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही, पण ते गुडघ्यांमुळे असेल, जिना उतरायची घाई होती.

धीर धर.

राधा टिपणीस


६ ऑगस्ट
गिरगाव

श्रेया,

ऑर्डर तुलाही मिळाली असेल. माझ्या प्रतीतला परिच्छेद तुझ्याही प्रतीत आहे का, ठाऊक नाही, म्हणून उतरवून काढते. तुला ठाऊक असायला हवं.

'विभागप्रमुखांनी प्रशिक्षणार्थीच्या त्रुटीची वेळेवर व लेखी जाणीव करून दिली होती, हे सादर केलेल्या मूल्यमापनावरून स्पष्ट होते. तरीही सुधारणा झाली नाही. सीट रद्द करण्याची शिफारस कायम करण्यात येत आहे. शेरा समक्ष वाचून दाखवण्याची सदर विभागाची पद्धत स्तुत्य असून इतर विभागांनी तिचा अवलंब करावा.'

स्तुत्य! वाचलंस? एप्रिलमध्ये तुझ्याविरुद्ध नुसता उशीर होता. जुलैमध्ये माझ्या हाताने त्यांना पुरावा मिळाला. मी गेलेच नसते तर बरं झालं असतं. एक कागद नेला आणि एक मांडीवर ठेवला, त्यापेक्षा दोन्ही कपाटात राहिले असते तर तू कदाचित सुटली असतीस. आणि हे मला आधीच ठाऊक होतं गं. जूनच्या पत्रात मीच तुला लिहिलं होतं, की एकट्या कागदाला काही अर्थ नाही.

मागच्या पत्रात मी विचार करून वगैरे लिहिलं. थापा. कसला विचार न् कसलं काय! त्या क्षणी अभय माझ्या मनात आलाच नव्हता. मला एवढंच दिसलं, की तो कागद ठेवला की उन्मेष दोन्ही वाचेल, मान वर करेल आणि माझ्याकडे बघेल. तो मगाशी उठून उभा राहिला होता, आता माझ्याकडे तसं बघेल. मला लाज वाटली. तुझी तीन वर्षं एका पारड्यात होती आणि दुसऱ्या पारड्यात माझी एका मिनिटाची लाज, आणि मी चष्मा काढून पुसत बसले.

परवा दुसरा कागद आणि झेरॉक्स घेऊन उन्मेषच्या ऑफिसात गेले. उभ्यानेच टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं. मला जसं बघेल वाटलं होतं तसं त्याने बघितलं नाही. दमल्यासारखा बसला आणि म्हणाला, "मॅडम, हे आता आणलंत? फाईल विद्यापीठात गेली. बंद झालं प्रकरण." मी म्हटलं, उघडा. म्हणाला, "कशावर उघडू? तुम्ही समितीसमोर 'आणखी काही नाही' म्हणालात, ते मिनिट्समध्ये आहे. आता डिसेंबर जवळ आलाय. कशाला स्वतःला त्रास?" मी ओरडले त्याच्यावर. शिपाई आत डोकावला. उन्मेषने मला पाणी दिलं आणि तो कागद पाकिटात घालून पाकीट परत माझ्या हातात दिलं. पोच मागितली, तर दिली नाही.

विद्यापीठाला लिहिलंय. कुलगुरूंच्या कार्यालयालाही. उत्तर येणार नाही, मला ही यंत्रणा ठाऊक आहे, मी तिच्यातच वाढलेय.

आणि हेही ऐक. जुलैतच मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं, आजपासून केव्हाही, कशासाठीही मला फोन करा, मी एक शब्द बोलणार नाही. नंबर लिहून लावला. तीन आठवडे झाले. फोन येत नाहीत. परवा दुपारी एका बाळाला झटके येत होते आणि अभय अर्धा तास एकटा धडपडत राहिला. बाळ वाचलं, नशीब. मी संतापले, म्हटलं, अरे, मी सांगितलं होतं ना? तर खाली बघून म्हणाला, "मॅडम, श्रेयाचं बघितलं ना आम्ही. फोन केला काय, न केला काय." हा अभय. ज्याने पॅरासिटामोलसाठी फोन केला होता, तो.

तुझी माफी मागायला शब्द नाहीत म्हणतात तसं काही नाही, शब्द आहेत, पण ते तुझ्या कामाचे नाहीत. तू एकदा तरी मला शिव्या दे. पत्र लिहून दे, फोनवर दे, दारात उभी करून दे. मी ऐकेन.

राधा


२१ ऑगस्ट
नायगाव

मॅडम,

तुमची पाचही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं. एका कारणासाठी देतेय, ते शेवटी लिहिते.

आधी माझं. फोन मी वेळेवर केला नाही, ते माझंच आहे. तुमच्या शेऱ्यामुळे नाही केला हे खरं, पण शेरा काही माझा हात धरून बसला नव्हता. मनवाची नाडी माझ्या बोटाखाली होती. मला समजत होतं. मी भोईवाड्याला तिच्या घरी दोनदा जाऊन आले. तिच्या आईने पहिल्यांदा आत घेतलं नाही, दुसऱ्यांदा घेतलं. बाकी तुम्हाला सांगत नाही.

अभयचा शेरा मला तुमच्या पत्रातून नाही कळला. त्याच दिवशी कळला होता, जानेवारीत. आम्ही कँटीनला भेटलो, तो खूश होता, म्हणाला, मॅडमनी लय भारी लिहिलंय यार, तुझं काय? मी म्हटलं, माझंपण तसंच. मग संध्याकाळी मी कॉल बुक बघितलं. म्हणजे तुम्ही जूनमध्ये जे केलंत ते मी जानेवारीतच केलं होतं. म्हणून तर फोन बंद केले.

एप्रिलच्या चौकशीत मी हे बोलले असते तर काय झालं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. स्वतःच्या हातून पेशंट गेला आणि आता जातीवर आली, असं म्हणाले असते. माझ्या तोंडून ते कधीच खरं वाटलं नसतं. तुमच्या तोंडून वाटलं असतं. म्हणून तुमचं तिसरं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती. हात धुऊन येऊन बसली आणि परत वाच म्हणाली. ती तुमच्यावर चिडून होती आधी, खूप. त्या दिवशी म्हणाली, "बाई खरी आहे गं. स्वतःच्या अंगावर घ्यायला काळीज लागतं." निळी साडी तिने त्याच आठवड्यात घेतली, अठरा तारखेसाठी.

समितीत मी तुमच्याकडेच बघत होते. पाकीट तुमच्या मांडीवर होतं ते मला दिसत होतं. सर 'आणखी काही' म्हणाले तेव्हा तुमचा हात पाकिटावर गेला, तेव्हा मी श्वास सोडला. मग तुम्ही चष्मा काढलात.

शिव्या द्यायच्या नाहीत मला. खरंच नाहीत. दमलेय. मी वरळीला एका ऑफिसात लागलेय, विम्याचे दावे तपासायचे, सगळे मोठ्या माणसांचे. खालच्या मजल्यावरच्यांचं बाळ तापाने फणफणलं होतं परवा, ते दार वाजवत आले. मी म्हटलं, मला लहान मुलांचं कळत नाही, दवाखान्यात न्या. आई आतून ऐकत होती. 

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. समितीच्या दिवशी मी खोलीतून बाहेर आले तर आई बाकावरून उठली आणि तिने पहिलं हेच विचारलं, "बाईंनी दोन्ही कागद दाखवले?"

मी हो म्हटलं.

म्हटलं, दाखवले, सगळं सांगितलं त्यांनी, आता बघू. मग निकाल आला. तेव्हापासून ती समितीला शिव्या घालते, विद्यापीठाला घालते, सरकारला घालते. तुमचं नाव आलं की म्हणते, त्या बाईने तरी आपल्या बाजूने उभं राहून बघितलं. शेजारणींनाही तेच सांगते. तिला बरं वाटतं, कुणीतरी होतं म्हणून.

पाचवं पत्र पोस्टमनने तिच्या हातात दिलं. ती उघडणार होती, मी तेवढ्यात कामावरून आले म्हणून निभावलं. त्यात तुम्ही सगळं खरं लिहिलंय. तेव्हा आता आमच्या पत्त्यावर पत्र पाठवू नका.

श्रेया गमरे